टाकीवरची माणसं

भूतनाथ मार्केटमधल्या टीव्हीच्या दुकानदाराने काचेआड लहान-मोठे पाच टीव्ही मांडले होते, आणि दारावर कॅमेरा बसवून रस्त्याने जाणारी माणसं त्या पाचही पडद्यांवर दाखवायची युक्ती काढली होती. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. प्रफुल्ल खोब्रागडे मेथीची जुडी आणि अर्धा किलो शिंगाडे घेऊन पायीच घराकडे निघाला होता. पडद्यांवर त्याला समोरून येणारा एक माणूस दिसला. फिकट निळा शर्ट, पन्नाशी ओलांडलेली, एका हातात पिशवी. पिशवीचा हात हलत नव्हता ते ठीक. पण दुसरा, मोकळा हातही हलत नव्हता. कोपरात जरासा दुमडून पोटाजवळ तसाच राहिलेला, काखेत फाईल धरल्यासारखा. हा अगदी आपल्या इश्तियाकसारखा चालतो, असं प्रफुल्लच्या मनात आलं, आणि इश्तियाक आठवला म्हणून तो थांबला, तर पडद्यावरचा माणूसही थांबला. पाच माणसं थांबली. मागून ई-रिक्षावाला ओरडला, "अंकल, साइड!"

पुढचा रस्ता तो हाताकडे लक्ष ठेवून चालला. मुद्दाम हलवला की हात हलत होता, पंधरा ऑगस्टच्या परेडमधल्या पोरासारखा, जरा जास्तच. पण एखाद्या पाटीकडे किंवा ओळखीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि पुन्हा खाली पाहिलं, की हात परत पोटाशी. चोपन्न वर्षं हा हात न सांगता हलत आला होता. नागपूरला शाळेत जाताना, लग्नाआधी दीप्तीला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा, वडील श्रीपत गेले तेव्हा घाटावर; एकदाही त्याला सांगावं लागलं नव्हतं. आता सांगितल्याशिवाय तो हलत नव्हता आणि किती दिवसांपासून हलत नव्हता हेही माहीत नव्हतं. इंदिरा नगरच्या आपल्या गल्लीत शिरताना प्रफुल्लने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग कोणाला काही दिसलं नसतं. पण त्याच्या मनात इश्तियाक शिरला होता आणि तो काही बाहेर जायला तयार नव्हता. निवृत्तीच्या आधी तीन वर्षं इश्तियाक कारखान्याच्या शॉपमधून असाच चालायचा, एक हात अंगाशी. पोरं म्हणायची, "इश्तियाक भाई आज भी हाथ घर भूल आए।" सगळे हसायचे. त्यांचा साहेब असलेला प्रफुल्लही हसायचा. साहेब हसले की पोरं आणखी मोठ्याने हसत.

कारखान्यात जुनी यंत्रं उघडून, साफ करून, पुन्हा जोडायचं काम चालतं. उघडलेला प्रत्येक सुटा भाग काळ्या ग्रीसने बरबटलेला असतो आणि तो आधी धुवावा लागतो. त्यासाठी शॉपच्या मागच्या कोपऱ्यात एक टाकी आहे, माणसाच्या छातीएवढी उंच. तळाशी ट्रायक्लोर नावाचं द्रावण तापवतात, त्याची वाफ टाकीत अर्ध्यापर्यंत उभी राहते, आणि जाळीच्या टोपलीतून भाग त्या वाफेत सोडले की ग्रीस आपोआप वितळून खाली गळतं. दहा मिनिटांत लोखंड नव्यासारखं चकचकीत. वास गोडसर. म्हणून सगळे तिला मीठी टंकी म्हणतात. टोपली हलवायला वाकावं लागतं, वाकलं की तो गोडवा नाकातोंडात शिरतो, डोकं हलकं होतं, पाय जमिनीपासून इंचभर वर चालल्यासारखे वाटतात. "चढ़ गई," असं म्हणायचं आणि बाहेर कडुलिंबाखाली पाच मिनिटं बसायचं, म्हणजे उतरते. टाकीवरच्या माणसाने संध्याकाळी एखादा ग्लास बिअर घेतली तरी त्याच्या तोंडावर लाल चट्टे उठायचे. त्यावरून कोण टाकीवर आहे ते ओळखू यायचं, आणि तोही एक विनोद होता. सुट्टी व्हायच्या आधी लोक त्याच द्रावणाने हात धुवायचे, कपड्यांवरचे डाग काढायचे. पाण्याने ग्रीस जात नाही. ट्रायने लगेच जातं, हात थंडगार आणि पांढरे पडतात.

हे सगळं प्रफुल्लला इतक्या बारकाईने माहीत होतं, कारण तो स्वतः सात वर्षं टाकीवर होता. हे आता कारखान्यात कोणाच्या लक्षातही नव्हतं, आणि त्याने कोणाला आठवण करून दिली नव्हती. बाविसाव्या वर्षी तो नागपूरहून पत्र्याची पेटी घेऊन या परक्या शहरात, चारबाग स्टेशनवर उतरला होता. तेव्हाच्या फोरमनने रजिस्टरात नाव लिहिताना विचारलं होतं, "खोबरा... क्या? अच्छा। नागपुर के हो। अच्छा, अच्छा।" त्या शेवटच्या अच्छात फोरमनला जे कळायचं ते कळलं होतं, आणि आपल्याबद्दल काय कळलं आहे हे प्रफुल्ललाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो टाकीवर. तिथे आधीपासून बाराबंकीचा एक पासी, म्हणजे तिकडचा दलित, होता, एक सफाई कामगाराचा मुलगा, दोन मुसलमान. टाकीवर कोणाला पाठवायचं याचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. दुपारच्या सुट्टीत कडुलिंबाखाली बसून, गरगरत्या डोक्याने प्रफुल्लने खात्याच्या परीक्षेची पुस्तकं वाचली. पास झाला. चार्जमन झाला, पुढे सेक्शनचा इंजिनिअर. ड्युटीचा तक्ता लिहायचं पेन त्याच्या हातात आलं, आणि टाकीच्या रकान्यात नाव कोणाचं लिहायचं याचा त्याला कधी विचार करावा लागला नाही. जी माणसं उलटून बोलणार नाहीत त्यांची नावं हात आपणच लिहायचा. नियम तसाच चालू राहिला, फक्त आता तो प्रफुल्लच्या वळणदार अक्षरात होता. अकरा वर्षं त्या रकान्यात इश्तियाक अहमद हे नाव होतं, कारण इश्तियाक काम स्वच्छ करायचा आणि कधी तक्रार करायचा नाही.

आठवडाभर प्रफुल्लने घरी काही सांगितलं नाही. तो मुलीच्या, नयनाच्या, खोलीतल्या उभ्या आरशासमोर चालून पाही. डाव्या हाताच्या अंगठ्यावर पहिलं बोट टपटप आपटून पाही. दहाव्या-बाराव्या वेळेला बोट दमल्यासारखं लहान लहान उघडायचं. एका संध्याकाळी तो असाच बोट आपटत बसलेला असताना दीप्ती पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पिठाचे हात तसेच.

"कधीपर्यंत लपवून ठेवणार आहे तुम्ही?"

"काय?"

"सहा महिन्यांपासून पाहून राहिली मी. शर्टाची बटनं लावायला तुम्हाला किती वेळ लागते. परवा भाजी करपली, तुम्ही तिथंच पेपर वाचत बसले होते. वाससुद्धा नाही आला तुम्हाला. मला वाटलं, वय झालं." तिचा आवाज जरा बारीक झाला. "इश्तियाकभाईसारखंच होऊन राहिलं न हे?"

प्रफुल्लने मान हलवली. इतके दिवस जे तो आरशासमोर एकटाच तपासत होता ते हिने पोळी लाटता लाटता केव्हाच पाहून ठेवलं होतं. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. नयना आतून बाहेर आली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. "पापा, डॉक्टर को दिखाते हैं। और प्लीज़, गूगल मत करना।" ते त्याने पाच दिवस आधीच करून ठेवलं होतं.

शहरातल्या महानगर नावाच्या भागात मेंदूविकाराच्या डॉक्टर सक्सेना बसायच्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. त्यांनी त्याला बोटं आपटायला लावली, मूठ उघड-मीट करायला लावली, कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. पाचवी ओळ पहिलीपेक्षा बारीक झाली होती. लिहिताना त्याला ते जाणवलं नव्हतं. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेरच्या व्हरांड्यातून चालून यायला सांगितलं. औषधं घेऊन बसलेल्या अनोळखी लोकांसमोरून तो गेला आणि आला. हात हलवू का नको, हे त्याला ठरवता येईना. हलवला तर खोटं, नाही हलवला तर कबुली. परत येऊन बसल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? त्याने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ट्रायक्लोर? कितने साल?"

इंजिनिअर म्हणून काढलेली वर्षं त्याच्या ओठांवर आली होती. "सात," तो म्हणाला. "त्यानंतर त्याच शॉपमध्ये. टाकीपासून पंधरा-वीस पावलांवर."

स्कॅन झालं, महिन्याभरात निदानही झालं. कंपवात, अगदी सुरुवातीचा. डॉक्टर सक्सेनांनी ते हळू आणि सरळ सांगितलं. या रसायनाच्या वाफेत वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांमध्ये या आजाराचा धोका जास्त दिसतो, असं अभ्यास सांगतात. तुमचा आजार त्यामुळेच झाला असं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. "लेकिन वहाँ जो अभी काम कर रहे हैं, उनके लिए तो हम कुछ कर सकते हैं।" गोळ्यांनी बराच फरक पडेल. रोज जोरात चाला, घाम येईपर्यंत. बरीच चांगली वर्षं आहेत हातात. दीप्तीने पर्समधून वही काढून गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या, शाळेत मुलांची हजेरी घेते तशा, आणि खाली उतरल्यावर ती जवळच्या कपूरथला चौकात एकदम थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊ. सकाळपासून उपाशी आहो आपण." दोघांनी उभ्या उभ्या मटर चाट खाल्लं. प्रफुल्लला त्याची चव लागली, आणि चव लागते आहे याचंच त्याला नवल वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला अंगातून काहीतरी सैल व्हायचं, गंजलेल्या बिजागरीत तेल गेल्यासारखं. पण डॉक्टरांचं ते एक वाक्य कानात बसलं होतं. कारखान्यात तो आता टाकीकडे पाहायचा, आणि पाहिलं की तिथे वाकलेली पाठ दिसायची. गेल्या दोन वर्षांपासून ती पाठ स्नेहा पालची होती. एकतीस वर्षांची टेक्निशियन, नवरा वारल्यावर त्याच्या जागी लागलेली, ओढणी कमरेला घट्ट बांधून टोपली उचलणारी. तिला तिथे पाठवताना त्याने स्वतःला समजावलं होतं, बाई आहे, जड काम नको, टाकी हलकी आहे. टाकीवरचा पंखा पावसाळ्यापासून बंद होता. तसा अर्ज गेलेला होता. एकदा ती कडुलिंबाखाली डोळे मिटून बसलेली दिसली. तिच्याजवळ जाऊन त्याने एवढंच विचारलं, "तबीयत ठीक है?" ती घाईने उठून उभी राहिली. "जी सर, बस चढ़ गई थी।" तिने ते हसत सांगितलं, तीस वर्षांपूर्वी तोही असाच हसत सांगायचा. तक्ता दर शनिवारी लागायचा. पुढच्या शनिवारीही प्रफुल्लने त्या रकान्यात स्नेहा पाल लिहिलं. नाव लिहिताना अक्षर बारीक आलं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी तो इश्तियाकला भेटायला गेला. शहराबाहेर, बख्शी का तालाब नावाच्या गावाच्या पुढे, रस्ता सोडून आत, मोहरीच्या शेतांमधून. धुकं अकरा वाजेपर्यंत उठलं नव्हतं. बसमधून उतरल्यापासून तो मनाशी बोलायची तयारी करत होता आणि प्रत्येक वाक्य त्याला अर्जासारखं वाटत होतं. इश्तियाकला त्याने कारखान्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरी कोण आहे, शेत कुणाचं, मुलगा काय करतो, काही माहीत नव्हतं. अकरा वर्षांत फक्त नाव माहीत होतं, आणि ते कोणत्या रकान्यात लिहायचं तेवढं. अंगणात पाय ठेवला तर जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या, हातहातभर अंतरावर, ओसरीपासून थेट हापशापर्यंत. त्याला वाटलं पोरांचा काही खेळ असेल. तेवढ्यात घराच्या दारात इश्तियाक दिसला. प्रफुल्लला पाहून तो पुढे यायला निघाला आणि उंबरठ्याशीच पाय जमिनीला चिकटल्यासारखा अडकला. अंग पुढे, पाय मागे. क्षणभर प्रफुल्ललाच वाटलं आता हा पडणार. मग इश्तियाकने नजर खाली टाकली, पहिल्या रेघेवर पाऊल टाकलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि एखाद्या तरण्यासारखा सरळ चालत त्याच्यापर्यंत आला.

"आदाब साहब। देखा? लकीर हो तो चलता हूँ।" तो हसला. त्याचा चेहरा पूर्वीइतका हसत नव्हता, आवाज खोल गेला होता, पण डोळे तेच. "बहू ने खींची हैं। अस्पताल में किसी ने बताया था। पहले मैं दरवाज़े पर पाव घंटा खड़ा रहता था।"

खाटेवर बसून दोघांनी चहा घेतला. सून ग्लास अर्धाच भरून देत होती, म्हणजे सांडत नाही. इश्तियाक प्रफुल्लच्या हाताकडे पाहत होता. मग म्हणाला, "आपका बायाँ है। मेरा दायाँ था।"

प्रफुल्लने बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरून सरळ सांगितलं, "इश्तियाक भाई, आपकी ड्यूटी मैं ही लगाता था।"

"आप न लगाते तो कोई और लगाता।" इश्तियाक थांबला. धुक्यात कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होत होता आणि बंद पडत होता. "लेकिन लगाते आप ही थे।"

माफी मागायचा शब्द प्रफुल्लच्या तोंडात होता, पण तो मागून आपण इथूनही हलके होऊन जाऊ, असं त्याला वाटलं, आणि त्याने चहाचा घोट घेतला. इश्तियाकनेही तो शब्द मागितला नाही. त्याने विचारलं, "अब कौन है टंकी पर?"

"एक लड़की है। स्नेहा।"

"लड़की?" इश्तियाकने ग्लास खाटेच्या पायाशी ठेवला. ठेवायला त्याला वेळ लागला. "तो साहब, आप यहाँ क्या कर रहे हैं?"

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच बंद होत नव्हती आणि थंड वारा सरळ कानात शिरत होता. प्रफुल्लला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्यात राग नव्हता. दुकानात चुकून आलेल्या गिऱ्हाइकाला योग्य दुकान दाखवावं, तशी ती साधी चौकशी होती. लहानपणी नागपूरला वडील त्याला सांगायचे, शिकला की माणूस बोलायला लागला पाहिजे. आणि तो शिकला होता, बोललाही होता, विहारातल्या सभांमध्ये तर चांगलं बोलायचा, दर चौदा एप्रिलला त्याचं भाषण असायचं. टाळ्या पडायच्या. त्या भाषणांमध्ये टाकी कधी आली नव्हती.

सोमवारी त्याने जुन्या फाईली काढायला लावल्या. गरम पाण्याने आणि साबणाच्या द्रावणाने भाग धुणारं यंत्र घ्यावं असा प्रस्ताव आठ-नऊ वर्षांपूर्वी आला होता, एवढं त्याला आठवत होतं. पुढे काय झालं ते आठवत नव्हतं. फाईल उघडली तर शेवटच्या पानावर उत्तर होतं. पाण्याच्या यंत्राला दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं लागतील, वाळवायला वेगळा वेळ, उत्पादन घटेल. वर्तमान व्यवस्था संतोषजनक है। खाली सही, ठसठशीत, मोठ्या अक्षरात: प्र. श्री. खोब्रागडे. ती सही करताना इश्तियाक टाकीवर होता. प्रफुल्ल त्या पानाकडे इतका वेळ पाहत राहिला की फाईल आणणारा कारकून विचारू लागला, सर, कुछ और निकालूँ? पान फाडून टाकणं सोपं होतं. पान जागेवरच ठेवून तो फाईल घेऊन उठला.

त्या शनिवारी लागलेल्या तक्त्यात टाकीचा रकाना कोरा होता. दहा वाजता वर्क्स मॅनेजर विनय त्रिपाठींचं बोलावणं आलं. अडतिशीतले, दीड वर्षापूर्वी बदलून आलेले, कामाला पक्के. त्यांच्या टेबलावर तक्त्याची प्रत होती.

"खोबरागड़े जी, ये नाम छूट गया है।"

"छूटा नहीं है, सर।" प्रफुल्लने फाईल पुढे ठेवली आणि शेवटचं पान स्वतःच उघडून दिलं.

त्रिपाठींनी वाचलं. "ये तो आप ही का नोट है।"

"जी।"

"तो अब क्या बदल गया?"

तो क्षण प्रफुल्लने कितीतरी वेळा मनात घोळवला होता, आणि प्रत्येक वेळी मनातला प्रफुल्ल मोठं बोलायचा. आता तो टेबलापासून दोन पावलं मागे सरला. तो म्हणाला, "सर, एक मिनिट मुझे चलते हुए देखिए।" आणि तो केबिनच्या दारापर्यंत गेला, वळला, खिडकीपर्यंत आला, पुन्हा दारापर्यंत. सकाळची गोळी त्याने मुद्दाम घेतली नव्हती. हात अंगाशी राहिला, वळताना पावलं बारीक पडली, आणि त्याने काही सावरून धरलं नाही. उभ्या आयुष्यात तो कोणत्याही साहेबासमोर इतका उघडा चालला नव्हता. काचेपलीकडून दोन कारकून पाहत होते, ते त्याला दिसत होतं. पण दुसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की भीती संपली आहे. ती नक्की कुठल्या पावलाला संपली ते कळलं नाही.

"बैठिए," त्रिपाठी म्हणाले. त्यांनी पाणी पुढे केलं. मग प्रफुल्लने सगळं सांगितलं, स्वतःची सात वर्षं, इश्तियाकची अकरा, बंद पंखा, डॉक्टरांचं म्हणणं, त्यांना जे ठाऊक आहे ते आणि जे ठाऊक नाही तेही. त्रिपाठी फाईलची पानं उलटत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ये सब लिखकर देंगे तो मेडिकल बोर्ड आपको भी बुलाएगा। शॉप से हटा देंगे।"

"जानता हूँ।"

"चालीस मिनट?"

"चालीस। दो मशीनें हों तो बीस।"

त्रिपाठी कागदावर काही आकडे मांडत राहिले. उत्पादनाचे ते आकडे प्रफुल्लला तोंडपाठ होते आणि ते कुठे अडणार तेही. मग त्रिपाठींनी पेन टाकलं आणि फोन उचलून शॉपला विचारलं, टाकी आज तापवली आहे का. तापवली असेल तर बंद करा. मी येऊन पाहतो तोपर्यंत कोणी तिकडे जाणार नाही.

सगळं काही इतक्या सरळ पार पडलं नाही. वरून पत्रं आली, उत्तरं गेली, महिनाभर भाग दुसऱ्या शॉपमध्ये नेऊन धुवावे लागले आणि लोकांनी प्रफुल्लला शिव्या घातल्या. पाण्याचं यंत्र आलं तेव्हा पहिल्या घाण्यातले बेअरिंग तांबूस गंजून निघाले. वाळवायचा वेळ वाढवल्यावर ते थांबलं. मेडिकल बोर्डाने प्रफुल्लला शॉपमधून काढून ट्रेनिंग सेंटरला पाठवलं. शेवटच्या दिवशी तो शॉपमधून बाहेर पडताना युनियनचा एक माणूस त्याला म्हणाला, "इतने साल बाद याद आई, साहब?" ट्रेनिंग सेंटरमध्ये नव्या पोरांना पहिल्याच तासाला तो डब्यांवरची धोक्याची चिन्हं वाचायला शिकवतो, आणि ग्रीस काढायला साबणच वापरायचा, हे तीनदा सांगतो. पोरं कंटाळतात. संध्याकाळी तो दीप्तीबरोबर घाम येईपर्यंत चालतो, तीच त्याच्यापेक्षा जास्त दमते आणि म्हणते, "आजार तुम्हाला झाला न, मंग मला काहून पळवून राहिले?"

मार्चमध्ये युनियनच्या हॉलमध्ये तपासणी ठेवली. टाकीवर कधीही काम केलेल्या सगळ्यांची यादी प्रफुल्लनेच जुन्या रजिस्टरांवरून काढली होती. सदतीस नावं. नऊ जण वारले होते, चौघांचा पत्ता लागला नाही. उरलेल्या चोविसांपैकी एकवीस आले. बाराबंकीचा म्हातारा पासी नातवाच्या मोटारसायकलवर बसून आला. त्याचे हात पूर्ण ठणठणीत होते आणि तो ते सगळ्यांना दाखवत हिंडत होता. डॉक्टर सक्सेना दोन मदतनिसांना घेऊन आल्या होत्या. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाला चालायला सांगत होत्या, आणि बाकावर बसलेले बाकीचे शेरे मारत होते, "अरे, दुल्हन की तरह मत चलो!" तिघांना पुन्हा बोलावलं, त्यातला एक जण खूप घाबरला होता. इश्तियाक त्याच्याजवळ सरकून बसला, खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत राहिला. स्नेहाचं सगळं ठीक निघालं. ती आता वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होती आणि आज नावं नोंदवायला टेबलावर बसली होती. यादीतली नावं संपली तेव्हा प्रफुल्ल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जी सर? कुछ चाहिए?"

"मेरा नाम लिखो।"

तिला कळलं नाही. तिने पेन उचललं आणि वर पाहिलं. हॉलमधला गलका थोडा कमी झाला. प्रफुल्लला आपला आवाज सभेत यायचा तसा मोठा करावासा वाटला नाही, आणि बारीकही नाही. "खोब्रागडे," तो म्हणाला. "प्रफुल्ल श्रीपत. टंकी पर. सात साल."

स्नेहाने लिहिलं. अडतिसावं. जोडाक्षरावर तिचं अडलं, तेव्हा त्याने तिला सांगितलं, ब अर्धा आणि मग र. मागे बाकावर इश्तियाकने शेजारच्याला कोपर मारलं. "सरको भाई, सरको। अपना ही आदमी है।" बाकावरची सहा-सात माणसं कुरकुरत, एकमेकांना ढकलत सरकली, आणि मधे एका माणसापुरती जागा झाली. प्रफुल्ल जाऊन तिथे बसला. दोन्ही बाजूंनी दोन खांदे त्याला लागले, एक थरथरता, एक स्थिर. कोणीतरी त्याच्या हातात चहाचा मातीचा कुल्हड दिला, अर्धा भरलेला, आणि तो आपला नंबर येण्याची वाट पाहू लागला.